चोवीस गाठींचा दोर

मी एक जुना दोर आहे, मित्रांनो. नायलॉनचा. एके काळी निळा होतो, आता माझा रंग कोणता ते तुम्हीच बघून ठरवा. दोन माणसांचं त्यावर अजून एकमत झालेलं नाही. भाईंदरला जेसल पार्कच्या मागच्या गल्लीत एक बालगृह आहे. त्याच्या गच्चीवर मी या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणलेला असतो आणि माझ्यावर कपडे वाळत असतात. आत्ता एकवीस फ्रॉक, चार टॉवेल आणि एक मोजा आहे. दुसरा मोजा कुठे गेला ते कावळ्याला विचारा.

कपडे वाळत घालणाऱ्या मावशींची माझ्याबद्दल एकच तक्रार आहे. म्हणतात, याला मध्ये मध्ये गाठी आहेत, चिमटा नीट बसत नाही. तक्रार खरी आहे. पण त्या गाठी होत्या म्हणून तर मला मान होता. नाहीतर दोर काय, बाजारात किलोवर मिळतो.

माझा जन्म कारखान्यात झाला. तिथलं फारसं आठवत नाही. आवाज खूप होता आणि सगळे एकमेकांना पिळत होते एवढंच आठवतं. तिथून मी उत्तनला आलो, पास्कूबाबांच्या होडीवर. नऊ वर्षं मी ती होडी खांबाला बांधून ठेवली. एकदाच चूक झाली. बाबांनी घाईघाईत मला खांबाऐवजी शेजाऱ्याच्या होडीला बांधलं, आणि भरती आल्यावर दोन्ही होड्या जोडीनं फिरायला निघाल्या. शिव्या कोणी खाल्ल्या? मी. पण त्या शिव्यांतही प्रेम होतं. पुढे माझे धागे निघायला लागले, तेव्हा बाबांनी मला हातात घेऊन दोनदा खेचून बघितलं आणि म्हणाले, "आता ह्यो होडीचा न्हाय ऱ्हायला."

त्याच दिवशी सुके बोंबील घ्यायला महिपतमामा आला होता. महिपतमामा म्हणजे आमच्या बालगृहाचा वॉचमन, आणि गरज पडेल तसा प्लंबर, आचारी आणि भूत. (भूत फक्त झोपत नसलेल्या पोरींसाठी.) मूळ महाडकडचा. पास्कूबाबांनी बोंबलाचं पोतं माझ्यानंच बांधून दिलं. तेव्हा मित्रांनो, मी या घरात आलो तो बोंबलाच्या पोत्याला गुंडाळलेला आलो. त्या वासामुळे माझ्या पहिल्या सहलीला चोवीस मुलांच्या मागे अकरा मांजरं होती.

सहलीला दोर कशाला, असं तुम्ही विचाराल. त्याचं असं आहे. आमच्या घरातली मुलं बाहेर पडायची म्हणजे मोठं काम. भाईंदर स्टेशनजवळून चोवीस पोरांना नेणं म्हणजे चोवीस फुगे वाऱ्यातून नेण्यासारखं. एक फुलवाल्यापाशी थांबते, एक कुत्र्यामागे पळते, एक रस्त्याच्या मधोमध बसून बुटाची नाडी बांधते. महिपतमामानं त्यावर उपाय काढला. त्यानं माझ्यावर हातभर अंतरानं चोवीस गाठी मारल्या आणि प्रत्येकीला एक गाठ नेमून दिली. सगळ्यांत पुढची चालायला लागली की सगळ्यांनी चालायचं, ती थांबली की थांबायचं. गाठ सोडायची नाही. नाक खाजवायचं असेल तर दुसऱ्या हातानं.

पोरींना गाठीचं फार अप्रूप. शाळेत बाक बदलतात, घरात पलंग बदलतात, अंगातले कपडेही मोठीचे धाकटीला जातात. पण गाठ तुमची म्हणजे तुमची. कोणी नवीन आलं की महिपतमामा आधी गाठ द्यायचा, मग ताट.

आता या पद्धतीत एक दोष होता, तो सांगितला पाहिजे. महिपतमामा परत निघताना पोरं मोजायचा नाही, गाठी मोजायचा. त्या अर्थातच चोवीसच भरायच्या. मीरा रोडच्या बागेतून परतताना माझ्या रिकाम्या शेपटाला एक अनोळखी पोरगा येऊन लटकला. त्याला वाटलं, एवढी लाइन आहे म्हणजे पुढे काहीतरी मिळत असणार. घरी येऊन तो दोन वेळा भात जेवला. तिसऱ्यांदा वाढताना मृणालिनीबाईंना शंका आली. मृणालिनीबाई म्हणजे आमच्या अधीक्षक. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा घातला, आणि तेवढ्यात त्याची आई रिक्षातून उतरली आणि गेटवरूनच विचारायला लागली, मेरा बच्चा इधर आया क्या. बच्चा जायला तयार नव्हता. त्या दिवशी आमच्याकडे केक होता.

केक आमच्याकडे बहुतेक रविवारी असतो. लोक वाढदिवस साजरा करायला येतात ना. आपल्या मुलाचा वाढदिवस असतो, मुलगा घरी एसीत बसलेला असतो आणि आई-बाबा आमच्याकडे केक कापतात. एका रविवारी पाच वाढदिवस आले. पोरींनी पाच वेळा गाणं म्हटलं. दर वेळी नावापाशी आलं की सगळ्या थांबायच्या, मृणालिनीबाईंकडे बघायच्या, बाई हळूच नाव सांगायच्या आणि गाणं पुढे जायचं. पाचव्या केकला बाईंनाही आठवेना. त्यांनी चौथंच नाव सांगितलं.

शिवाय भिंत रंगवायला येणारे असतात. आमच्याकडे रंगवण्यालायक भिंत एकच आहे, बाकीच्यांना ओल आहे. त्यामुळे दर दोन-तीन महिन्यांनी कुठल्यातरी ऑफिसातले दादा-ताई येतात आणि तीच भिंत रंगवतात. फुलपाखरं, त्यावर पृथ्वी, त्यावर पृथ्वी धरलेली मुलं, त्यावर पुन्हा फुलपाखरं. भिंत आता एवढी जाड झालीय की तिच्या बाजूचं कपाट पूर्ण उघडत नाही.

मला हसू येतं, पण ही माणसं वाईट नसतात हो. सुट्टीचा दिवस मोडून येतात. आणि आमची मुलंही काही कमी नाहीत. पाहुणे आले की काय करायचं ते मृणालिनीबाईंनी पक्कं शिकवलेलं आहे. सरळ उभं राहायचं, हसायचं आणि म्हणायचं, "थँक यू ताई, थँक यू दादा, पुन्हा या." हे त्यांच्या तोंडात इतकं बसलंय की गॅसचा सिलिंडर आणणाऱ्यालाही म्हणतात, मीटर बघायला येणाऱ्यालाही म्हणतात. एकदा डॉक्टरीणबाई इंजेक्शनं द्यायला आल्या होत्या. सगळ्या ओळीनं रडत रडत म्हणाल्या, थँक यू ताई, पुन्हा या.

याच वाक्यानं एका मुलीला किती रडवलं, ते मला तुम्हाला सांगायचंय.

तिचं नाव संचिता. माझी पहिली गाठ तिची. पाच वर्षांची असताना ती आली, बरोबर दोन वर्षांचा भाऊ, साईराज. आमचं घर मुलींचं असलं तरी सहा वर्षांपर्यंतचे मुलगे इथे राहू शकतात. साईराजला दुसरी गाठ मिळाली. तो गाठीला कमी आणि संचिताच्या फ्रॉकला जास्त धरायचा. भांडायचा तर असा की विचारू नका. चालता चालता तिच्या पाठीत डोकं मारायचा, तिची वेणी तोंडात घालायचा, आणि ती ओरडली की हा मोठ्यानं रडून मोकळा. ओरडा तिलाच बसायचा.

सहा पूर्ण झाले आणि नियमाप्रमाणे साईराज मुलांच्या बालगृहात गेला, खाडीपलीकडे नायगावला. जेसल पार्कच्या चौपाटीवर उभं राहिलं की खाडीपलीकडचं दिसतं. पण दिसणं आणि भेटणं वेगळं. भेटायला अर्ज लागतो, सही लागते, सोबत कोणीतरी मोठं लागतं, आणि ते मोठं माणूस त्या दिवशी रजेवर असतं. वर्षातून दोन भेटी ठरलेल्या: भाऊबीज, आणि जानेवारीत दोन्ही घरांची मिळून सहल.

गेल्या जानेवारीत भेट झाली तेव्हा साईराज सात वर्षांचा होता. संचितानं त्याला आपल्या वाटणीचा लाडू दिला. त्यानं दोन्ही हातांनी घेतला, सरळ उभा राहिला, हसला आणि म्हणाला, "थँक यू ताई, पुन्हा या."

चूक त्याची नव्हती. त्याच्या दिवसात किती ताया यायच्या. पण संचिता त्या दिवशी माझी गाठ धरून परत आली ना, तेव्हा तिचा हात नुसताच गाठीवर ठेवल्यासारखा होता. पकड नव्हती.

मग भाऊबीज आली, तर नायगावच्या मुलांना कांजिण्या. भेट रद्द. म्हणजे आता यंदाची जानेवारीची सहल, तेवढीच काय ती उरली. संचिता अकरा वर्षांची झाली होती. सहलीच्या आदल्या दुपारी महिपतमामा मला बादलीत धूत होता, तेव्हा ती बाजूला येऊन बसली आणि बराच वेळ साबणाचा फेस बोटानं फोडत राहिली. मग तिनं विचारलं, "मामा, भाऊ विसरतो का?"

"माझा भाऊ महाडला हाय," महिपतमामा म्हणाला. "सात वरसं मी त्याला विसरायला बघतोय. जमत नाय."

ती हसली नाही. तिनं सांगितलं, तो मला पाहुणी समजतो. विसरला असता तरी चाललं असतं, मी आठवण करून दिली असती. पण ओळखतो आणि पाहुण्यांशी बोलतात तसा बोलतो. उद्या मला त्याच्याबरोबर नुसतं बसायचंय. दहा मिनिटं मिळाली तरी चालतील.

महिपतमामा म्हणाला, आख्खा दिवस हाय की. सकाळी दहा ते चार.

बिचाऱ्याला जितेंद्र सर ठाऊक नव्हते.

यंदाची सहल एका कंपनीनं दिली होती, आणि जितेंद्र सर त्यांचे म्होरके. मीरा रोडला राहणारा, गोल चेहऱ्याचा, मनानं चांगला माणूस. फक्त त्याला रिकामं एक मिनिट दिसलं की घाम फुटायचा. उत्तनजवळच्या डोंगरीला झाडांची एक वाडी ठरली होती. आमची बस पोहोचली तेव्हा जितेंद्र सर गळ्यात शिट्टी आणि हातात कागद घेऊन उभे होते. कागदावर दिवस कापून ठेवला होता, वड्या पाडल्यासारखा. दहा पाच ते दहा वीस स्वागत. दहा वीस ते दहा चाळीस झुंबा. मग फेस पेंटिंग, मग हाताचे ठसे, मग जादूगार. तीन दहाला ‘हॅपिनेस सर्कल’, म्हणजे गोल बसून प्रत्येकानं आपण किती खूश आहोत ते सांगायचं. पावणेचारला बस. मधे कुठेही श्वास घ्यायची वेळ लिहिलेली नव्हती.

वर प्रत्येक मुलाला एक ‘बडी’. म्हणजे कंपनीतला एक दादा किंवा ताई, दिवसभर त्याच मुलाबरोबर. संचिताच्या वाट्याला रुचिताताई आली. चांगली होती, पण दर दोन मिनिटांनी विचारायची, मजा येतेय ना?

सगळ्यांना पिवळे टी-शर्ट वाटले. मुलांनाही आणि मोठ्यांनाही. नायगावची बस आली, अठरा मुलगे उतरले, त्यांनाही पिवळे टी-शर्ट. सगळी वाडी हळद लागल्यासारखी दिसायला लागली. त्यात संचितानं साईराजला शोधून काढलं. तिनं त्याच्यासाठी चिक्की आणली होती, ती पुढे केली.

साईराजनं तिच्याकडे बघितलं. ओळखलं त्यानं, मी शपथेवर सांगतो. डोळे थोडे मोठे झाले. पण शेजारी त्याचा बडी उभा होता, पलीकडे त्यांचे सर. त्यानं पाय जुळवले.

"थँक यू ताई," तो म्हणाला. "पुन्हा या."

बडी म्हणाला, व्हेरी गुड, काय मॅनर्स आहेत. आणि जितेंद्र सरांनी शिट्टी फुंकली, कारण दहा एकवीस झाले होते.

त्यानंतर मी महिपतमामाच्या खांद्यावर वेटोळं होऊन सगळं बघत होतो. झुंबाच्या वेळी ती सरकत सरकत त्याच्या रांगेपर्यंत गेली, तर रांगा बदलल्या. फेस पेंटिंगला तिला फुलपाखरू केलं आणि त्याला वाघ, आणि त्या दिवशी मुलग्यांत अकरा वाघ होते. ती तीन वाघांना भेटून आली. जेवताना तिनं रुचिताताईला विचारलं, मी तिकडे बसू का, त्या मुलाजवळ? रुचिताताईनं कागद बघितला आणि म्हणाली, जेवण झालं की लगेच हाताचे ठसे आहेत, मग नक्की. हाताचे ठसे झाले, मग जादूगार आला. जादूगारानं साईराजला स्टेजवर बोलावून त्याच्या कानातून अंडं काढलं. साईराज म्हणाला, थँक यू दादा, पुन्हा या. सगळे हसले. संचिता हसली नाही.

दोन वाजले. अडीच वाजले. वाडी सांभाळणारी एक म्हातारी चिंचेखाली बसून हे सगळं सकाळपासून बघत होती. ती महिपतमामाला म्हणाली, "यांना खेळू देत न्हाय कोणी. निसतं खेळवतात."

पावणेतीनला रस्सीखेच होती. जितेंद्र सरांनी पिशव्या उलट्या केल्या, गाडी शोधली, दोन जणांना फोन लावला, आणि लक्षात आलं की रस्सी ऑफिसातच राहिली. मग त्यांची नजर माझ्यावर पडली.

महिपतमामानं स्पष्ट सांगितलं, हा धरायचा दोर हाय, खेचायचा नाय. जितेंद्र सर म्हणाले, अहो मामा, दोन्ही एकच. गाठी पण आहेत, ग्रिप चांगली मिळेल. आणि मुली विरुद्ध मुलगे करू या, व्हिडिओ मस्त होईल.

एका बाजूला आमच्या बारा मुली, दुसऱ्या बाजूला नायगावचे बारा मुलगे. मुलग्यांच्या सरांनी लहान पुढे, मोठा मागे असं उभं केलं; त्यामुळे साईराज सगळ्यांत पुढे. आमच्या बाजूला सगळ्यांत पुढे संचिता, कारण ती नेहमीच पुढे असते. मध्ये चार हात अंतर. त्या चार हातांच्या मधोमध जितेंद्र सरांचा रुमाल बांधलेला. रुमालाच्या एका बाजूला फुलपाखरू, दुसऱ्या बाजूला वाघ. सकाळपासून पहिल्यांदाच दोघं समोरासमोर आली होती, आणि ती एकमेकांना पाडायला.

जितेंद्र सर मुलग्यांच्या मागे फोन घेऊन उभे राहिले. त्यांच्या मागे टेबल. टेबलावर पाच किलोचा केक, पिवळा, हसऱ्या चेहऱ्याचा.

शिट्टी वाजली. मुलग्यांनी टाचा रोवल्या आणि सगळा जोर लावून मला मागे ओढलं. आता आमच्या पोरींनी काय करायला हवं होतं? मागे झुकून खेचायला हवं होतं. पण मित्रांनो, इतकी वर्षं मला हातात धरलं की त्यांना एकच ठाऊक. संचिताचा हात गाठीवर, समोर तिला जिथे जायचंय तो. ती चालायला लागली. सरळ पुढे.

आणि ती चालली म्हणून मागच्या अकरा जणी चालायला लागल्या. शिस्तीत. एकीमागे एक, गाठ न सोडता. एकीनं तर रस्ता ओलांडतात तसं उजवीकडे-डावीकडे बघूनही घेतलं.

तिकडे बारा मुलगे जिवाच्या आकांतानं खेचत होते आणि समोरून काहीच अडत नव्हतं. ते ओळीनं मागे कोसळले. साईराज दुसऱ्यावर, दुसरा तिसऱ्यावर. सगळ्यांत मागे त्यांचा धष्टपुष्ट बारावा, तो जितेंद्र सरांच्या पोटावर. जितेंद्र सर फोन वर धरून, शूटिंग चालू ठेवून, उलटे चालत गेले आणि त्या हसऱ्या चेहऱ्यात सावकाश बसले. टेबल एका पायावर उभं राहून विचार करत होतं; मग तेही बसलं. शेजारच्या सरबताच्या पिंपानं मृणालिनीबाईंना डोक्यापासून आंघोळ घातली. चिंचेखालची म्हातारी एवढी हसली की तिला उचकी लागली.

सगळे दादा आणि ताया जितेंद्र सरांना घेऊन विहिरीकडे धावले. कोणी पाणी काढतंय, कोणी पाठीवरचं क्रीम पुसतंय, कोणी फोन वाचवतंय. बडी नाही, शिट्टी नाही, कागद कुठेतरी केकखाली. मुलांना पहिल्यांदा कळेनाच काय करायचं. मग एक जण झाडावर चढला आणि बघता बघता वाडीभर पोरं पांगली.

साईराज उठला. अर्धा वाघ मातीत पुसला गेला होता. तो तडक संचितासमोर येऊन उभा राहिला. ती हसायला लागणार होती, पण त्याचा चेहरा बघून थांबली. तो चिडला होता. लाल झाला होता.

"तू खेचलंच नाहीस," तो म्हणाला.

"अरे, मी..."

"मुद्दाम हरलीस. चीटिंग केलीस. आम्ही जिंकलोच नाही असं."

"बरं, सॉरी."

"सॉरी काय सॉरी! ए संचे, तू पहिल्यापासून अशीच आहेस. लबाड!"

आणि त्यानं तिच्या दंडावर एक गुद्दा मारला. हळू नव्हता.

मित्रांनो, मी तिच्याच हातात होतो. वर्षभर त्या हातात मला जी पकड सापडत नव्हती ती एका क्षणात आली. तिनं मला असं आवळलं की माझे उरलेसुरले धागेही कण्हले. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती म्हणाली, "मी लबाड? धर ते टोक. धर. दोघंच खेळू. रडलास तर बघ."

दोघांनी मला धरलं. मी तिच्या बाजूनंही होतो आणि त्याच्याही. नऊ वर्षं समुद्राशी झोंबलो, पण असं कोणी खेचलं नव्हतं मला. तिनं जराही दया दाखवली नाही. त्याला वाडीभर फरफटवलं, चिंचेपर्यंत नेलं. तो ओरडत होता, सोड, पडलो, सोड ना संचे, आणि गाठ काही सोडत नव्हता. मग दोघं तिथेच धुळीत बसली. त्यानं विचारलं, माझी चिक्की कुठाय? ती म्हणाली, सकाळी दिली ना तुला. तो म्हणाला, ती बडीनं खाल्ली. मग दोघांनी मिळून बडीला नावं ठेवली. मनसोक्त. मी ती इथे सांगत नाही.

तोपर्यंत जितेंद्र सर ओल्या टी-शर्टात परत आले होते. कानात अजून क्रीम होतं. त्यांनी शिट्टी तोंडाला लावली, घड्याळ बघितलं, तीन दहा. हॅपिनेस सर्कल. मग चिंचेखालची ती दोघं दिसली. त्यांनी महिपतमामाला विचारलं, ती मुलगी त्या मुलाला मारतेय का?

"भाऊ हाय तिचा," महिपतमामा म्हणाला. "सख्खा. एका वर्षानं भेटतायत."

जितेंद्र सरांनी कानातलं क्रीम पुसलं आणि म्हणाले, "मग सकाळीच का नाही सांगितलंत?"

"तुमच्या कागदावर जागा नव्हती."

जितेंद्र सरांनी शिट्टी गळ्यातून काढली आणि खिशात ठेवली. मग ते मृणालिनीबाईंकडे गेले. बाई पदर पिळत होत्या. बाईंनी त्यांना बस पावणेचारच्या ऐवजी साडेचारला सोडायची परवानगी दिली आणि स्वतः नायगावच्या सरांनाही तेच सांगायला गेल्या. हॅपिनेस सर्कल झालंच नाही. कोणाला आठवण आली नाही.

साडेचारला नायगावच्या मुलांना बसपाशी ओळीत उभं केलं. निरोप द्यायचा होता. मुलं हसली, पाय जुळवले आणि एकेक पुढे सरकायला लागली. थँक यू ताई, पुन्हा या. थँक यू दादा, पुन्हा या. साईराजही म्हणत होता, नेमून दिल्यासारखं. रुचिताताईला म्हणाला. जितेंद्र सरांना म्हणाला. जादूगाराला दुसऱ्यांदा म्हणाला. शेवटी संचिता उभी होती.

तिच्यासमोर तो थांबला.  तिच्या मुठीतली माझी गाठ घामानं ओली झाली होती.

त्यानं तिला जीभ काढून दाखवली आणि पळत बसमध्ये चढला. खिडकीतून डोकं बाहेर काढलं, सरांनी आत ओढलं, त्यानं पुन्हा काढलं. बस वळेपर्यंत तो ओरडत होता, पुढच्या वेळी बघतो तुला, संचे.

त्या सहलीनंतर कंपनीनं आमच्या मुलींना नारिंगी जॅकेटं दिली, पाठीवर नंबर असलेली. रस्सीखेचीत मी जरा जास्तच विस्कटलो होतो, आणि जॅकेटं दिसायला चांगली दिसतात. म्हणून मी गच्चीवर आलो. मला वाईट वाटतं का? संध्याकाळी पोरी खाली जातात, फ्रॉक काढून नेतात, मी रिकामा होतो, तेव्हा थोडं वाटतं. गाठींवर हात नसतात ना.

मित्रांनो, माझं एकच मागणं आहे. तुम्ही मोठे झाल्यावर कधी अशा घरी गेलात तर जरूर जा. केक न्या, भिंत रंगवा, कपाट थोडं कमी उघडेल, चालेल. पण पहिल्यांदा एवढं विचारा, की यांच्यातलं कोण कोणाचं आहे. मग त्यांना जरा वेळ एकटं सोडा. आणि तुम्ही बरेच दिवस जात राहिलात, आणि एके दिवशी एखाद्या पोरानं तुम्हाला थँक यू म्हणायचं सोडून तुमच्याशी कडाकडा भांडण केलं, तर रागावून परत फिरू नका. तिथेच थांबा. तुम्ही आता पाहुणे राहिलेले नाही.